झाडूच्या कपाटातलं मशीन

४ जानेवारी

चि. पिटुकलीस,

पाकीट बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मला मध्येच तोडतेस. पत्रात तशी सोय नाही. आणि ईमेलचं म्हणशील, तर आमच्या मशीनवरून सध्या काहीही लिहिणं म्हणजे चौकात उभं राहून गुपित सांगण्यासारखं आहे. म्हणून शाई आणि कागद.

नोकरीतून सुटल्यापासून मी श्रवणघरात वाचायला जाते, हे तुला माहीत आहे. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आम्ही पुस्तकं मोठ्याने वाचून भरून ठेवतो. काचेच्या खोलीत बसून मी वाचते, काचेपलीकडे आमची रेकॉर्डिंगवाली बसते. तिच्या कानावरून हेडफोन कधी उतरत नाही, म्हणून मी तिला हेडफोनबाई म्हणते. तोंडावर नाही. तोंडावर म्हटलं तरी तिला ऐकू येणार नाही, हा भाग वेगळा.

तर आमच्या मशीनना कीड लागली आहे. आधी मशीन रांगू लागली. मग फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी त्यांच्याच नावाची खोटी चित्रं दिसू लागली. मग पासवर्ड बरोबर टाकूनही मशीन आम्हाला दारातच अडवू लागली. मी सबंध पावसाळा घसा फोडून वाचलेलं कायद्याचं पाठ्यपुस्तक मध्येमध्ये खाल्ल्यासारखं झालंय. कलम सुरू होतं आणि शिक्षेपर्यंत पोचतच नाही. मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा आहेत.

शनिवारी दुकानातला मेकॅनिक आला. एकेक मशीन साफ करत गेला, चहा पिऊन गेला. सोमवारी सगळं परत जैसे थे. त्याला पुन्हा बोलावलं, पुन्हा तेच. आता तूच सांग, साफ केलेली मशीन आपणहून घाण होतात का? कोणीतरी करतंय. आणि संध्याकाळी कुलूप लावून सगळ्यात शेवटी कोण जातं, तर हेडफोनबाई. शिट्टी अडकवावी तसा पेनड्राइव्ह गळ्यात अडकवून हिंडते. मी खोलीत आले की पडद्यावरचं काहीतरी झाकते. वर्षभरापूर्वी आली, कोणाशी धड बोलत नाही. मी शिकवायचे त्या शाळेच्या सिस्टर सांगायच्या, वर्गात खडू उडाला की आधी शेवटच्या बाकाकडे बघावं. माझी चाळीस वर्षांची नोकरी त्याच एका सूत्रावर निभावली.

तू दिवसभर हेच काम करतेस. मला औषध नको, मेकॅनिक आहे त्याला. मला तिला पकडायचं कसं ते सांग. पंधरा तारखेला कमिटीची बैठक आहे आणि मला हात हलवत जायचं नाही.

तुझी मावशी

*

९ जानेवारी

प्रिय मावशी,

तुझी पिटुकली आता चाळिशीला टेकली आहे, हे पाकिटावर तरी लक्षात ठेवत जा. पोस्टमन हसतो.

आधी उत्तर, मग भांडण. तुम्हाला लागलेल्या किडीला आमच्या धंद्यात वर्म म्हणतात, म्हणजे अळी. व्हायरस आणि अळी यांत फरक आहे. व्हायरसला कोणाचा तरी हात लागतो. कोणीतरी फाइल उघडतं, मग तो शिरतो. अळीला कोणाचीच गरज नाही. एका मशीनमध्ये शिरली की तारेवरून शेजारच्या मशीनचं दार ठोठावते. दार जुनं असेल, म्हणजे कंपनीने पाठवलेली दुरुस्ती बसवलेली नसेल, तर त्या फटीतून थेट आत. फट नसेल तर सोपे सोपे पासवर्ड एकामागून एक लावून बघते. तुम्हाला मशीन दारात अडवतंय ते त्यामुळेच. इतके चुकीचे प्रयत्न झाले की मशीनने कंटाळून कुलूप घातलं. पेनड्राइव्ह लावला तर त्यातही जाऊन बसते आणि पुढच्या मशीनमध्ये उतरते. हे सगळं ती दिवसा करते, सुट्टीत करते, कोणी नसताना करते.

आता तुझ्या मेकॅनिकने काय केलं बघ. एक मशीन साफ केलं, तार तशीच ठेवून दुसऱ्याकडे वळला. दुसरं साफ होईपर्यंत तिसऱ्यातली अळी पहिल्यात परत आली. पोरं चिखलात खेळत असताना एकेकाला आंघोळ घालून परत चिखलातच सोडायचं, असा तो प्रकार.

असं कर. सगळ्या मशीनच्या तारा एकाच वेळी काढा. वायरलेसही बंद. अळी काढायचं साधन आणि राहिलेल्या दुरुस्त्या बाहेरच्या, चांगल्या मशीनवरून आणा, आणि सीडीवर आणा. भरलेल्या सीडीवर अळीला लिहिता येत नाही, पेनड्राइव्हवर येतं. मग एकेक मशीन तपासा, साफ करा, बंद करून चालू करा, पुन्हा तपासा, दुरुस्ती बसवा, पासवर्ड बदला. सगळ्यांना एकच पासवर्ड नको, आणि 'आवाज१२३' तर अजिबात नको. पेनड्राइव्ह लावल्यावर आपोआप उघडतो ती सोय बंद करा आणि श्रवणघरातले सगळे पेनड्राइव्ह तपासा. शेवटचं मशीन साफ होईपर्यंत एकही तार जोडायची नाही. फोल्डर बहुतेक गेलेले नाहीत, लपवलेले आहेत. ते मिळतील. अर्धवट रेकॉर्ड झालेलं मात्र परत वाचावं लागेल.

कुठल्या मशीनला लागण झाली आहे हे ओळखायची एक सोपी खूण: बाकी सगळ्या वेबसाइट उघडतात, पण किडीचं औषध बनवणाऱ्या कंपन्यांच्या उघडत नाहीत. अळी ती दारं आतून बंद करते.

राहिलं पकडायचं. मावशी, इथे पकडायला माणूस नसेलच कदाचित. त्या बाईंनी दुरुस्त्या बसवायची परवानगी दोनदा लेखी मागितली होती. ज्याला घर जाळायचंय तो पाण्याची बादली मागत नाही. बैठकीआधी तारा काढ आणि मग बोल.

तुझी,
चाळीस वर्षांची पिटुकली

*

१५ जानेवारी, संध्याकाळ

चि. पिटुकलीस,

बैठकीहून आले ती थेट लिहायला बसले.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा अळीसाठी, दुसऱ्यांदा समजावं म्हणून. तिसऱ्यांदा एका वाक्याशी थांबले. हेडफोनबाईने परवानगी दोनदा लेखी मागितली, हे तुला कोणी सांगितलं? मी लिहिलेलं नाही. माझ्या पत्राची नक्कल मी ठेवते, ती काढून बघितली. आणि 'आवाज१२३'? तो पासवर्डही मी तुला कधी सांगितला नव्हता.

तू तिला ओळखतेस. कधीपासून, ते तू सांगशीलच. पण रक्ताची भाची पाठीमागून तिची वकिली करते आणि मला अळीची गोष्ट ऐकवते, हे मला रुचलेलं नाही. तुझ्या आईलाही लहानपणी हीच खोड होती. फोडलेली कपबशी दाखवायच्या आधी कप कसा बनतो ते सांगायची.

परवानगीचं म्हणशील तर हो, मागितली होती. मी नाकारली. दुरुस्ती बसली की मशीन मनाला येईल तेव्हा बंद होऊन चालू होतं. एकदा माझं अख्खं प्रकरण त्यात गेलं, शेवटच्या पानावर. तेव्हापासून प्रत्येक मशीनवर माझ्या अक्षरात चिठ्ठी आहे: दुरुस्ती बसवू नये. वाचन चालू असताना काचेच्या खोलीबाहेर लाल दिवा लागतो आणि कोणी आत यायचं नाही, हाही माझाच नियम. नियम नसते तर त्या घरात एक पुस्तक पुरं झालं नसतं.

आता मला काय कळलं ते ऐक. वॉचमनला विचारलं. म्हणाला, "ताई, त्या रविवारीही येतात की. तुम्हाला माहीत नव्हतं?" रविवारी श्रवणघर बंद असतं. बैठकीत मी तिला सरळ विचारलं, रविवारी काय करता?

म्हणाली, "जाहिराती रेकॉर्ड करते. बाहेरच्या लोकांच्या. परवानगी घ्यायला हवी होती."

"आणि पेनड्राइव्ह?"

"त्यातच नेते."

सगळी कमिटी माझ्याकडे बघायला लागली. अध्यक्षांना तुझं मत थोडक्यात सांगितलं, कारण मी अन्यायाने वागत नाही. तारा काढायच्या म्हणजे आठवडाभर घर बंद, परीक्षेच्या तोंडावर. ते म्हणाले, ज्या सल्ल्याचा उगम तिच्याच बाजूने आहे तो कशाला? मलाही तेच वाटलं. तिला काढलं. चावी तिने टेबलावर ठेवली आणि हेडफोन बरोबर घेऊन गेली, तो तिचा स्वतःचा होता म्हणे.

आपला मासिक श्रवण अंक मी वाचते. आमच्या ऐकणाऱ्यांना कागदावरची सूचना काय कामाची? म्हणून बैठक संपताच, तिथेच, कमिटीचा निर्णय मी त्यातच वाचला, तिचं नाव घेऊन: यंत्रांत कीड घालून पुस्तकांची नासधूस केल्याबद्दल. अंक उद्यापरवाच गावोगावच्या श्रवणघरांना जाईल.

मेकॅनिक उद्या शेवटचं साफ करून जाईल. आता तुझा खुलासा येऊ दे.

मावशी

*

२२ जानेवारी

मावशी,

खुलासा देते. तीन वर्षांपूर्वी मी एका वर्गात शिकवत होते, त्यात ती होती. पहिल्या बाकावर बसायची, म्हणजे तुझ्या सिस्टरांच्या नजरेतून सुटलेली. तुझं पत्र यायच्या आदल्या आठवड्यात तिचा फोन आला. म्हणाली, मशीनना अळी लागली आहे, मी सांगून थकले, मुख्य वाचिका ऐकत नाहीत. वाचिका कोण हे विचारल्यावर मला हसू आलं. तिला मी आपलं नातं सांगितलं नाही. तुलाही तिची ओळख सांगितली नाही, कारण सांगितली असती तर तू पत्राची दुसरी ओळ वाचली नसतीस. लपवलं हे चूक. पण तारा काढायचा सल्ला बरोबर होता आणि बरोबरच राहील, तो कोणाच्याही तोंडून आला तरी.

रविवारचं मला माहीत नव्हतं. ते तिने मलाही सांगितलं नाही. त्याबद्दल तुम्ही तिला काढलं असतंत तर मी एक अक्षर लिहिलं नसतं. अळी पहिल्यांदा तिच्या पेनड्राइव्हमधून आली असेल का? असेल. तूही रेकॉर्डिंग घरी ऐकायला नेतेस, तुझ्यातून आली असेल. ते आता बहुधा कधीच कळणार नाही. पण तू अंकात 'कीड घातली' म्हणालीस. घातली. म्हणजे मुद्दाम, असा त्याचा अर्थ. तिचं सगळं काम याच जगात आहे, मावशी. तिथले लोक चेहऱ्यावरून कोणाला ओळखत नाहीत, नावावरून आणि आवाजावरून ओळखतात. आणि सांगणारा आवाज तुझा होता. काल तिने एका दुसऱ्या श्रवणघरात विचारलं. समोरून म्हणाले, "अंकात ऐकलं तुमचं नाव," आणि फोन ठेवला.

रडत नव्हती. मला म्हणाली, तुमच्या मावशींचा आवाज फार चांगला लागतो, लोक विश्वास ठेवणारच. तोपर्यंत मी तिला नातं सांगितलं होतं.

मी तुझ्याशी वाद घालत नाही. ती गेली, चावी गेली, पेनड्राइव्ह गेला. मेकॅनिकने साफ केलंय. आता नुसतं बघ. अळी परत आली तर एक काम कर: मशीन मोजू नकोस, तारा मोज. जिथे सगळ्या तारा एकत्र येतात तो डबा शोध आणि प्रत्येक तार शेवटपर्यंत हाताने धरून जा.

पिटुकली

*

६ फेब्रुवारी

चि. पिटुकलीस,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायचंच नाही असं ठरवलं होतं. पण अळी परत आली.

मधल्या दिवसांत मी काय काय केलं ते सांगते, म्हणजे हसायला सुरुवात कर. कुलूप बदललं. मग वॉचमनवर नजर ठेवली. तो बिचारा खुर्चीत बसून डुलक्या घेतो, त्यापलीकडे त्याचा काही उद्योग नाही. मग मेकॅनिकवर संशय घेतला, कारण दर वेळी बोलावणं त्यालाच येतं. त्याला म्हटलं, "तुम्हीच तर सोडून जात नाही ना?" तो म्हणाला, "बाई, मला दुसरी दहा गिऱ्हाइकं आहेत, तुमच्या घरात पाय ठेवायलाही आता नको वाटतं." शेवटी मी एकटी राहिले. कोणालाही आत येऊ दिलं नाही, माझ्याशिवाय. आणि माझ्यादेखत, मी समोर बसले असताना, साफ मशीन पुन्हा रांगायला लागलं.

मग उठले आणि तारा मोजल्या.

जिन्याखाली तो डबा आहे, हिरवे दिवे लुकलुकणारा. त्यातून सात निळ्या तारा निघतात. टेबलं सहा. मी पुन्हा मोजलं, चष्मा पुसून मोजलं. सातवी तार भिंतीच्या कडेने जाते, दाराच्या चौकटीवरून वर चढते आणि भिंतीतल्या एका भोकात शिरते. भोकापलीकडे झाडू-फडक्यांचं कपाट. दार उघडलं तर बादलीमागे, फरशी पुसायच्या फडक्याखाली, एक मशीन गरम होऊन घरघरत होतं.

ते माझं आहे, पिटुकले. काचेच्या खोलीतलं. त्याच्या पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून मीच ते बाहेर काढायला लावलं होतं. आत पडदा आणि माइक तेवढा राहिला, आणि ते मशीन असतं हे आम्ही सगळे विसरलो. हेडफोनबाई यायच्या आधीची गोष्ट, तिला तर कधी दिसलंच नाही.

मेकॅनिकला फोन केला. म्हटलं, काचेच्या खोलीतलं केलंत का? म्हणाला, "जेव्हा जेव्हा आलो तेव्हा लाल दिवा लागलेला होता. आत तुम्ही होता. काचेबाहेरच्या बाई म्हणाल्या होत्या, थांबा, त्यांचं वाचन संपू दे. मी किती वेळ थांबणार?" म्हणजे तिने थांबायला सांगितलं होतं. मी वाचत राहिले. तो निघून गेला.

तुझी खूण करून बघितली. माझ्या पडद्यावर सगळं जग उघडलं, औषधवाल्यांची पानं तेवढी उघडली नाहीत.

मग मात्र तू सांगितलंस तसंच केलं. सातही तारा उपसल्या. दाराला पाटी लावली. तू शिकवलेल्यांपैकी कोणी नाही, तोच मेकॅनिक. पण या वेळी मी त्याच्या मागे उभी. सीडी बाहेरून भरून आणली. कपाटातलं मशीन सगळ्यात आधी घेतलं. माझ्या सगळ्या चिठ्ठ्या माझ्याच हाताने ओरबाडून काढल्या, दुरुस्त्या बसल्या, दुरुस्तीची वेळ आता वाचनाच्या वेळेबाहेरची लावली आहे. हे असं करता येतं हे कोणी मला का सांगितलं नाही, असं मी विचारणार होते. मग तिने मागितलेली परवानगी काढून वाचली. तिसऱ्या ओळीत हेच लिहिलं होतं. मी तेव्हा पहिली ओळ वाचून 'नाही' लिहिलं होतं.

माझ्या पेनड्राइव्हमध्येही अळी सापडली. तुझ्या मनासारखं झालं असेल.

तारा एकेक करून जोडल्या. चार दिवस शांत आहे. फोल्डर सापडले. कायद्याचं पुस्तक निम्मं परत वाचते आहे, घशाची वाट लागली आहे.

मावशी

*

११ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

मनासारखं काही झालेलं नाही. सात तारा मोजणारी तू पहिली, हे मात्र मी ऑफिसात सांगितलं.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एक गोष्ट त्यात नाही. मशीन साफ झाली, अंकाचं काय? ज्यांनी तो ऐकला त्यांच्या कानात ती अजूनही कीड घालणारीच आहे.

तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. ते माझं काम नाही.

तुझी पिटुकली

*

२३ फेब्रुवारी

चि. पिटुकलीस,

एवढं त्रोटक पत्र लिहायला तू शाळेत कुठे शिकलीस? आमच्या सिस्टरांनी परत पाठवलं असतं.

अध्यक्षांकडे गेले. तू त्यांना भेटलेली नाहीस, निवृत्त दंतवैद्य. आयुष्यभर लोकांच्या तोंडात अवजारं घालून प्रश्न विचारले, त्यामुळे समोरचा उत्तर देतो याची सवय नाही. म्हणाले, "आता कशाला उकरून काढायचं? जाहिरातींबद्दल तरी ती दोषी होतीच की. नवा माणूसही नेमलाय."

मी म्हटलं, "जाहिरातींबद्दल काढलं असं मी वाचलेलं नाही. मी वाचलं ते वेगळं."

"मग पुढच्या अंकात घालू, तांत्रिक कारणांमुळे मागील सूचना रद्द समजावी."

"तांत्रिक कारण झाडूच्या कपाटात होतं," मी म्हटलं, "आणि त्याचा नियम माझा होता. एक तर मी पूर्ण वाचेन, नाहीतर अंक दुसरं कोणीतरी वाचेल." त्यांनी तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं. तेवढ्यात मी निघाले.

नव्या माणसाला बटणं अजून सापडत नाहीत. म्हणून हेडफोनबाईला मीच फोन केला. नाव घेऊन हाक मारली. मी म्हटलं, "एक पान रेकॉर्ड करायचंय. तुमच्याबद्दल आहे. तुम्ही ऐकावं असं वाटतं." म्हणाली, "येते. परत रुजू होणार नाही." तेही मला योग्य वाटलं.

आली ती इकडेतिकडे न बघता काचेपलीकडे जाऊन बसली. मी पान वाचायला घेतलं. गेल्या अंकात मी याच आवाजात अमुक व्यक्तीवर यंत्रांत कीड घातल्याचा आरोप वाचला, तो खोटा होता. कीड कोणी आणली ते कळलेलं नाही. ती जात नव्हती, ती माझ्या यंत्रामुळे आणि माझ्या नियमांमुळे. त्या व्यक्तीने उपाय लेखी सुचवला होता, तो मी न वाचता नाकारला.

काचेवर टकटक झाली. "ताई, 'माझ्या यंत्रामुळे' एवढंच ऐकू आलं नाही. गिळलंत. परत घ्या."

परत घेतलं.

"आता ऐकू आलं, पण फार घाईत. लोकांना वाटेल तुम्ही पत्ता सांगताय."

मी पाणी प्यायले. मला राग आला होता हे मी लपवत नाही. इतक्या वर्षांत मला कोणी एक वाक्य तिसऱ्यांदा घ्यायला लावलेलं नाही. तिच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं, जिंकल्याचंसुद्धा नाही. दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरला होता आणि डोळे मिटले होते, ऐकणारे मिटतात तसे. मी ते वाक्य सावकाश घेतलं. कोणाचं यंत्र, कोणाचा नियम, प्रत्येक शब्द सुटा.

तिने डोळे उघडले.

"हा टेक ठेवते," म्हणाली.

तुझी मावशी